शिकायला गेलेल्या डॉक्टरच्या खुर्चीत कोण बसणार?

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्य चिकित्सक, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता आणि तालुक्या-तालुक्यांतल्या डॉक्टर संघटनांचे पदाधिकारी,
कोल्हापूर जिल्हा.

विषय : ग्रामीण भागात काम करत शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी दरमहा शिक्षणदिन सुरू करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी एका दमात सांगून टाकते, म्हणजे ज्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग आहे त्यांना बाकीचं पत्र सवडीनं वाचता येईल. खेड्यात काम करत फॅमिली डॉक्टरकी शिकणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरला महिन्यातून एक अख्खा दिवस शिकायला द्या. तो दिवस ड्युटीत धरा. त्या दिवशी त्याच्या ओपीडीला दुसरा डॉक्टर बसवा. आणि हा दिवस कोल्हापूर शहरात न भरवता तालुक्याला भरवा.

शिकणारे डॉक्टर म्हणजे कोण, हे आधी स्पष्ट करते. एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनचा रीतसर अभ्यासक्रम करणारे काही जण असतात. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तीन वर्षांची डीएनबी आहे, दोन वर्षांची पदविका आहे. ही मंडळी मोजकीच. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत ती सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होऊन बॉण्डचं एक वर्ष पुरं करायला प्राथमिक आरोग्य केंद्रावर आलेली मुलंमुली. वर्ष केलं नाही तर १० लाख रुपये भरायचे, म्हणून आलेली. ह्यांना कुणी शिकाऊ म्हणत नाही. ऑर्डरवर ‘वैद्यकीय अधिकारी’ लिहिलेलं असतं, हातात शिक्का येतो, आणि इंटर्नशिपपर्यंत जिच्या मागे रजिस्ट्रार, लेक्चरर, प्रोफेसर अशी उतरंड उभी होती ती मुलगी एके सकाळी राधानगरी नाहीतर शाहूवाडीच्या कोपऱ्यातल्या केंद्रात एकटी बसते. समोर रांग असते. रांगेत तापाचं पोर असतं, सात महिन्यांची गरोदर असते, साखर वाढलेले आजोबा असतात आणि भांडणात डोकं फुटलेला एक जण पोलिसासह उभा असतो. हे सगळं एका डॉक्टरनं बघायचं असतं, आणि त्यालाच फॅमिली मेडिसिन म्हणतात. कॉलेजात ह्यातला प्रत्येक जण वेगळ्या वॉर्डात होता.

देशाच्या २००२ च्या आरोग्य धोरणात फॅमिली मेडिसिनला महत्त्व दिलेलं आहे, २०१७ च्या धोरणातही ते पुन्हा आलं. धोरणाशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं पुढच्या सोमवारच्या ओपीडीबद्दल आहे.

सध्याची सोय काय, तेही बघू. डॉक्टरांच्या आचारसंहितेनं पाच वर्षांत किमान ३० तासांचं निरंतर शिक्षण सांगितलं आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद नोंदणीचं नूतनीकरण करताना त्याचे क्रेडिट पॉइंट बघते. ३० तास भागिले पाच, म्हणजे वर्षाला सहा तास. सकाळी दहाला बसलं तर चारला वर्षाचं शिक्षण संपलं! त्यातही ज्याची नोंदणी नुकतीच झाली आहे त्याला पाच वर्षं कुणी विचारत नाही. म्हणजे शिकण्याची सगळ्यात जास्त गरज असलेली वर्षं हिशेबाबाहेर राहतात.

हे पॉइंट मिळतात कुठे? बहुतेक शहरात, रविवारी, हॉटेलच्या हॉलमध्ये. दारात सही, गळ्यात ओळखपत्र, हातात औषध कंपनीची पिशवी. पहिलं व्याख्यान हृदयाची झडप मांडीच्या रक्तवाहिनीतून कशी बदलतात ह्यावर, दुसरं गुडघा बदलायच्या रोबोवर. वक्ते हुशार असतात, स्लाइड सुंदर असतात, जेवण तर झकासच. पण वेसरफ किंवा कडगाव भागातून आलेल्या पोरानं हे ऐकून दुसऱ्या दिवशी ओपीडीत काय वेगळं करायचं? त्याच्या केंद्रात ईसीजी मशीनला कागदाचा रोल आहे का, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. झडपेचं व्याख्यान शहरातल्या फिजिशियनसाठी उत्तमच आहे. ते ऐकून खेड्यातला डॉक्टर शिकला, असं समजून पॉइंट वाटू नयेत, एवढंच.

शिवाय अंतर. चंदगडहून कोल्हापूर १०० किलोमीटरच्या वर आहे. गगनबावड्याहून निघालं तर घाटमाथ्यावरच्या पावसात अर्धा दिवस जाण्या-येण्यातच जातो. चंदगडच्या पेशंटला बेळगाव निम्म्याहून जवळ पडतं, आणि तो तिकडेच जातो. तिथले डॉक्टर कोण, ते चिठ्ठीत काय बघतात, परत पाठवताना काय लिहितात, हे चंदगडच्या शिकाऊ डॉक्टरला कुणी कधी सांगितलेलं नाही, कारण आपल्या कागदावर त्याचं ‘वरचं रुग्णालय’ कोल्हापुरात आहे. चंदगडचा शिक्षणदिन चंदगडला भरला आणि बेळगावचा एखादा सर्जन त्यात येऊन बसला, तर ही गाठ एका दुपारी सुटेल.

आता खुर्चीचा मुद्दा. माझ्या मते सगळं घोडं इथंच अडतं.

केंद्राला वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं मंजूर असतात. एक रिकामं असतं, किंवा दुसरे डॉक्टर प्रशिक्षणाला, नाहीतर जत्रेच्या ड्युटीला. मग उरलेल्या एकाला मुख्यालय सोडायची परवानगी कोण देणार? शिक्षणाला जायचं तर किरकोळ रजा टाकायची. म्हणजे सरकारी दवाखाना नीट चालवता यावा म्हणून शिकायला जायचं, तेही स्वतःच्या रजेवर. गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीच्या एका बॉण्डवरच्या मुलीनं रविवारी एका शिबिराला जायला ड्युटी बदलून घेतली होती. ती बाहेर असताना केंद्रात एक बाळंतपण अडलं. सिस्टरनी वेळेत १०८ बोलावली, बाई आणि बाळ दोन्ही सुखरूप. तरी मुलीच्या हातात मंगळवारी कारणे दाखवा नोटीस. केंद्र कुठलं ते लिहीत नाही, त्यात कुणा एकाचा दोष नव्हता. पण त्यानंतर वर्ष संपेपर्यंत ती मुलगी गावाबाहेर पडली नाही, आणि तिच्या बरोबरीच्या चौघांनी ही गोष्ट ऐकून आपापली नावं मागे घेतली.

म्हणून म्हणते, विषय, वक्ते, जेवण, प्रमाणपत्र हे सगळं नंतर. आधी बदली डॉक्टर. तो कुठून आणणार, असं तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. पदं रिकामी, त्यात ही नवी कटकट. पण एका तालुक्यातली सगळी केंद्रं एकाच दिवशी मोकळी करायची गरज नाही. निम्मी एका आठवड्यात, निम्मी दुसऱ्या आठवड्यात, असं केलं तर शेजारच्या केंद्राचा डॉक्टर सकाळच्या दोन तासांसाठी येऊ शकतो. तालुका आरोग्य अधिकारी स्वतः डॉक्टर आहेत. वर्षातून दोन वेळा त्यांनी ओपीडीला बसायला हरकत नसावी, त्यांनाही बरं वाटेल. ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंगवर आलेले वैद्यकीय महाविद्यालयाचे निवासी डॉक्टर असतात. जिल्हा निवासी कार्यक्रमात एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला तीन महिने जिल्ह्यात काढावे लागतात, त्यांतला एखादा दिवस आरोग्य केंद्रात गेला तर त्याचंही शिक्षण होईल. आणि आम्ही खासगी डॉक्टर आहोतच. माझ्यासारख्या गावोगावच्या जनरल प्रॅक्टिशनर्सना मानधन देऊन एका दिवसाची सरकारी ओपीडी सांभाळायला सांगा, बरेच जण येतील. मानधन मात्र वेळेवर द्या. तीन महिन्यांनी व्हाउचर शोधत कोषागारात हेलपाटे घालायला लागले, तर दुसऱ्या खेपेला कुणी येणार नाही.

शिकायला गेल्यावर पेशंट काय म्हणतात, हेही ऐकून ठेवा. आमच्याकडे एक शिकाऊ मुलगा काही दिवस बसायचा. तो दिसला नाही तेव्हा एका म्हाताऱ्या आजीनं विचारलं, “ते बारकं डॉक्टर कुठं गेल्यात?” मी म्हटलं, शिकायला गेलेत. आजी म्हणाल्या, “अजून शिकायचंच हाय व्हय? मग मला मागल्या टायमाला इंजेक्शन कशाला दिलं त्यांनी?” आजींचा प्रश्न चोख होता. इंजेक्शनची गरज खरंच नव्हती. हाही शिक्षणदिनाचा एक विषय व्हायला हवा: इंजेक्शन आणि सलाईन मागणाऱ्या पेशंटला नाही कसं म्हणायचं, तेही दुसऱ्या दिवशी तो समोरच्या दवाखान्यात जाऊन घेणार नाही अशा बेतानं.

विषय कोणते घ्यायचे, ह्याचं उत्तर जिल्ह्याच्या नकाशातच आहे. एकच नीट सांगते, बाकीचे पळते.

सर्पदंश. पावसाळ्यात आमच्या डोंगरपट्ट्यात नाग, मण्यार, घोणस हे तिन्ही भेटतात. सर्पदंशावरचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलंय. ते निम्म्यावर आणायचं काम अखेर पहाटे तीनला केंद्रात झोपलेल्या त्या एकट्या डॉक्टरच्या हातून होणार आहे. त्याला काय यायला हवं? मण्यार चावलेल्या माणसाला बहुतेकदा दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणही दिसत नाही. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला शेतमजूर पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो, आणि केंद्रात आणेपर्यंत पापण्या खाली येऊ लागतात. पुस्तकात हे वाचलेला पोरगा अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवू शकतो. एकदा दुसऱ्याच्या तोंडून सविस्तर ऐकलेला पाठवत नाही. प्रतिविषाच्या दहा बाटल्या लहान मुलाला आणि मोठ्याला सारख्याच लागतात, हे ऐकून प्रत्येक वर्गात दोन-तीन चेहरे उडतात, कारण सापानं सोडलेलं विष पेशंटच्या वजनावर ठरत नाही. प्रतिविष सुरू करण्याआधी, रिअ‍ॅक्शन आलीच तर लागणारं अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून बाजूला ठेवायचं, आणि त्वचेवर चाचणी डोस द्यायचाच नाही, हे अजूनही काहींना नवं वाटतं.

आणि मग ती नळी. घोणसाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायची सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ, नव्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकं करून बघायचं. ह्याला मशीन लागत नाही, लॅब टेक्निशियन लागत नाही. पण नळी काचेची हवी. प्लास्टिकच्या नळीत रक्त गोठण्याची क्रिया तशी सुरू होत नाही. साबणानं धुतलेल्या काचेतही निकाल फसवतो. मध्यंतरी माझ्या दवाखान्यात तीन-चार तरुण डॉक्टर जमले होते, त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी येताना आपापल्या केंद्रातली नळी खिशात घालून आणा. आल्या त्यातल्या बहुतेक रंगीत टोपणाच्या प्लास्टिकच्या होत्या. एकाच्या केंद्रात काचेची होती, पण साबणाच्या पाण्यात घासून वाळत घातलेली. पहाटे ह्याच नळीवर विसंबून कुणाला प्रतिविष द्यायचं आणि कुणाला थांबवायचं हे ठरणार होतं. हे पोरांच्या अभ्यासातलं उणेपण नाही. भांडाराच्या मागणीपत्रात काचेची नळी लिहायची असते, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, आणि मागणी गेली नाही म्हणून भांडारानंही पाठवली नाही. शिक्षणदिनाला अशी मागणीपत्रं त्याच बैठकीत लिहून घेतली तर आणखी बरं.

लेप्टो आणि स्क्रब टायफस हे तापही ह्याच पावसाचे. भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात उभं राहिलेल्या बाईचा ताप, आणि गवत कापून आलेल्या माणसाच्या काखेत, जांघेत दडलेला तो न दुखणारा काळा खपला. लाजून दाखवत नाहीत, विचारल्याशिवाय सापडत नाही. चंदगडला तर आणखी एक भर: तिलारी घाट उतरलं की दोडामार्ग, जिथे २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. काजूच्या बागेत आणि जंगलात जाणारी माणसं घाटाच्या दोन्ही बाजूंना राहतात, गोचीड काही तालुक्याची हद्द बघत नाही.

ऊस सुरू झाला की विषय बदलतो. मराठवाड्यातून टोळ्या येतात, फडाच्या कडेला पालं पडतात. त्यात गरोदर बायका असतात, ज्यांचं माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडे राहिलेलं असतं. कितवा महिना, मागच्या बाळंतपणात सिझर झालं होतं का, रक्त किती, काहीच माहीत नाही. कोणत्या वेळेला पालावर गेलं की माणसं भेटतात, मुकादमाशी काय बोलायचं, हे कुठल्याही हॉटेलच्या हॉलमध्ये शिकवत नाहीत. ते शिरोळ-हातकणंगल्यातल्या एखाद्या जुन्या आशाताईंना येतं. त्यांना वक्त्या म्हणून बोलवा. खुर्ची व्यासपीठावर द्या, प्रेक्षकांत नको.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाचे कान आणि छाती, हुपरीच्या चांदी कारागिरांचा धूर, मिश्री लावणाऱ्या बायकांच्या तोंडातले पांढरे डाग. प्रत्येकाला एकेक दुपार पुरेल, इथे लांबवत नाही. मिश्रीबद्दल फक्त एवढंच की तपासताना जीभ वर करायला सांगायची आणि गालाची आतली बाजू टॉर्चनं बघायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि बीपी बघायला आलेल्या प्रत्येक बाईचं ते करता येतं.

पूर मात्र थोडा थांबून सांगते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सगळ्यांनी पाहिले. पुरात डॉक्टरांना काय करायचं म्हटलं की सगळे गॅस्ट्रो आणि लेप्टोवर बोलतात, ते बरोबरच आहे. पण निवारा केंद्रात तिसऱ्या दिवशी जी गर्दी होते ती गोळ्या घरात राहिलेल्यांची असते. बीपीची पांढरी गोळी, शुगरची लांबट गोळी, नाव माहीत नाही, कागद पाण्यात. कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, आणि फ्रीज पाण्याखाली. फिटच्या गोळ्या दोन दिवस चुकलेला मुलगा. अशा वेळी हातात चार प्रकारच्याच गोळ्या असताना कुणाला काय द्यायचं हे ठरवणं म्हणजे अस्सल फॅमिली डॉक्टरकी. २०१९ ला हे ज्यांनी केलं त्यांतले बरेच डॉक्टर आज जिल्ह्यातच आहेत. त्यांच्याकडून ऐकून घेतलं नाही, तर पुढच्या पुराला पोरं पुन्हा शून्यापासून सुरुवात करतील.

ह्या सगळ्या विषयांपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो रेफर केलेल्या पेशंटचा तास. केंद्रातून पेशंट ‘पुढील उपचारासाठी’ लिहून सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी थोरल्या दवाखान्याला, पाठवला की आपल्याकडची गोष्ट संपते. त्याचं पुढे काय झालं, निदान बरोबर होतं का, वाटेत आणखी काही करायला हवं होतं का, उगीचच पाठवला का, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. महिनाभरानं त्याचा भाऊ खोकल्याचं औषध घ्यायला येतो तेव्हा कळलं तर कळलं. स्वतःच्या निर्णयाचा निकालच न कळणारा माणूस वर्षभर निर्णय घेत राहिला तर त्याला अनुभव कसला मिळणार? म्हणून अधिष्ठाता महोदय, खास आपल्याला विनंती. थोरल्या दवाखान्यातून महिन्यातून एकदा मेडिसिनचा नाहीतर बालरोगाचा एखादा रजिस्ट्रार त्या तालुक्यातून आलेल्या पेशंटचे कागद घेऊन पाठवा. नावं झाकून, एकेक केस. ह्याला अपेंडिक्स म्हणून पाठवलं होतं, निघालं मुतखड्याचं. ह्या बीपी वाढलेल्या गरोदर बाईला तिथेच मॅग्नेशियमचा पहिला डोस दिला होता म्हणून वाटेत झटका आला नाही. चूक काढणं हा हेतू नसावा, आणि रजिस्ट्रारला हे आधी बजावून ठेवावं लागेल. वॉर्डातली सवय लवकर सुटत नाही. रजिस्ट्रारलाही तालुका बघायला मिळेल, चिठ्ठीवर ‘उशिरा पाठवला’ असा शेरा मारताना घाटातला रस्ता आठवेल.

शिकवणार कोण, हा प्रश्न बैठकीत नक्की निघेल. विशेषज्ञ हवेतच. पण दिवसाची सूत्रं तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरकडे असू द्या. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून जीव वाचवता येतात, हे जगाला महाडसारख्या ठिकाणाहून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवलं. त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’नं छापले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यात नवं ज्ञान तयार होऊ शकतं, ह्याचा महाराष्ट्राला ह्याहून मोठा पुरावा कशाला हवा? आमच्यातला प्रत्येक जण बावस्कर नसतो, पण पंचवीस-तीस वर्षं एकाच गावातल्या तीन पिढ्या बघितलेल्या डॉक्टरला पोटदुखीच्या मागची घरातली भानगड दिसते, ती सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही.

बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांना बसू द्यायचं का? माझं मत, बसू द्या. क्रेडिटचे नियम प्रत्येक परिषदेचे वेगळे, ते आपापल्या जागी राहोत. कुणी कोणती औषधं लिहावीत ह्या वादात मी इथे शिरत नाही, तो वाद कोर्टात आणि आंदोलनांत पुरेसा चाललाय. पण वाडीवस्तीवर रात्री पहिला पेशंट ज्याच्या दारात जातो तो डॉक्टर सापाच्या दंशाला पट्टी आवळून बांधू नये एवढं तरी ऐकून गेला, तर त्यात पेशंटचा फायदाच आहे. उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनाही सकाळच्या सत्राला बोलवा.

ऑनलाइन करा, असं कुणीतरी सुचवेलच. करोनानंतर ती सवय लागली आहे. पण ऑनलाइन म्हणजे कानात एक इअरफोन, म्यूट केलेला मोबाइल ड्रॉवरमध्ये, आणि समोर चालू ओपीडी. चंदगड, गगनबावड्याच्या काही गावांत तर आवाजही तुटत येतो. अँबू बॅग धरून श्वास द्यायला, नवजात बाळाच्या तोंडावर मास्क नीट बसवायला, इन्हेलर ओढायला शिकवायला हात लागतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा फॅमिली मेडिसिनचा दूरशिक्षण अभ्यासक्रम कित्येक वर्षं चालू आहे, पण त्यातही डॉक्टरांना प्रत्यक्ष एकत्र आणण्याची सत्रं ठेवलेली आहेतच. ब्रिटनमध्ये जीपी व्हायचं तर तीन वर्षांचं प्रशिक्षण लागतं आणि त्यात शिकण्याचा वेळ कामाच्या तासांतच धरलेला असतो. आपण निदान महिन्याचा एक दिवस धरू.

तारखा ठरवताना थोडं गावाकडे बघा. दर महिन्याची ९ तारीख नको, त्या दिवशी सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासण्या असतात. आठवडी बाजाराचा वार नको, त्या दिवशी ओपीडी दुप्पट होते आणि बदली डॉक्टर पुन्हा कधी येणार नाही. चैत्रात जोतिबाची यात्रा असते तेव्हा पन्हाळ्याचं नाव काढू नका. मार्चअखेर तर सोडाच. आणि पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायला लागलं की जाहीर झालेला दिवसही बिनदिक्कत पुढे ढकला. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका.

खर्चाचं म्हणाल तर हॉटेल लागत नाही. पंचायत समितीचा हॉल आहे, ग्रामीण रुग्णालयाची वरची खोली आहे. जेवणाला बचत गटाच्या बायका झुणका-भाकरी आणि पांढरा रस्सा करतील, आणि औषध कंपनीची पिशवी मिळाली नाही म्हणून कुणाचं अडणार नाही. कंपनीचा पैसा ह्यात अजिबात नको, हा माझा हट्ट समजा. प्रवासभत्ता, बदली डॉक्टरचं मानधन आणि जेवण, ह्यापलीकडे फार काही नाही.

भुदरगड, राधानगरी आणि आजरा अशा तीन तालुक्यांत दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत बघू. गारगोटीतला हॉल, स्थानिक डॉक्टर आणि पहिल्या दिवसाचं वेळापत्रक ह्यांची जबाबदारी मी घेते. आमच्यातले तिघे-चौघे तयारही आहेत. आपल्याकडून हवंय ते एक परिपत्रक: दिवस ड्युटीत धरल्याचं, आणि कोणत्या केंद्रावर त्या दिवशी कोण बसेल त्या नावांचं. नावांशिवाय परिपत्रक काढू नका, त्याचं काय होतं हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि ते निघालं की त्याचा फोटो तालुक्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाका. टपालानं केंद्रावर पोचेपर्यंत दिवस उलटून गेलेला असतो.

कळावे,
आपली,
एक फॅमिली डॉक्टर
गारगोटी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर